व्हॅन कुठवर आली?

शिवरामबाबा उबाळे बत्तीस वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या फाटकावर दरवान होते. कोण किती वाजून किती मिनिटांनी आत गेलं आणि कधी बाहेर पडलं, ते वहीत लिहायचं, हेच त्यांचं आयुष्य. आत जाणाऱ्याची काडेपेटी काढून घ्यायची, पुढे मोबाइल आले तेव्हा मोबाइल काढून घ्यायचे. मोठमोठ्या साहेबांपुढे त्यांनी हात पसरला होता आणि साहेबांनी मुकाट्यानं फोन काढून दिला होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. फाटक सुटलं, पण वही काही सुटली नाही. बदलापूरला खरवईच्या नव्या इमारतीत मुलाकडे राहायला आल्यावर त्यांनी घरच्यांनाच धरलं. मुलगा महेंद्र सहा चाळीसला निघतो, सून शीला नऊला, नात मैत्रेयीची व्हॅन सात दहाला. दूधवाल्याला पाच मिनिटं उशीर झाला तर कारण सांगावं लागे, आणि तो बिचारा सांगतही असे.

शाळेच्या व्हॅनचा नियम त्यांनीच करून घेतला होता. जूनमध्ये सोसायटीच्या गच्चीवर पालक जमले, व्हॅनवाला जितेशही आला. बाबा उभे राहिले आणि म्हणाले की पोरं आपण परक्याच्या हाती देतो, तर त्यांची नोंद नको का? प्रत्येक मूल चढलं की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचं, उतरलं की लिहायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात कुणीतरी सुचवलं की लिहिण्यापेक्षा लाइव्ह लोकेशनच पाठव, म्हणजे व्हॅन कुठवर आली ते घरबसल्या दिसेल. बाबांना ते फारच पटलं. नकाशावर सरकणारा तो गोल ठिपका त्यांना त्यांच्या वहीपेक्षाही चोख वाटला. जितेश एवढंच म्हणाला होता, की चौदा घरं आहेत, चौदा जण विचारणार, मी गाडी कधी चालवू? सगळे हसले होते. बाबाही हसले होते.

जितेश वाईट नव्हता. खरवईचाच गाववाला, दारूच्या वाटेला न जाणारा, पोरांना नावानं हाक मारणारा. फोन त्यानं समोर स्टँडला लावलेला. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं ग्रुप. रस्ता त्याच्या पायाखालचा होता आणि इतके महिने काहीही झालं नव्हतं. काही झालं नाही म्हणून काही होणार नाही असं त्याला वाटत होतं, आणि त्या चौदा घरांनाही तसंच वाटत होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी सात वाजून तेरा मिनिटं झाली तरी व्हॅन आली नाही. मैत्रेयी दप्तर पायाशी ठेवून गेटच्या कट्ट्यावर बसली होती आणि उशिराचं तिला काहीच वाटत नव्हतं. बाबांना मात्र चैन पडेना. त्यांनी फोन काढला, तर ठिपका नव्हता. त्यांनी सरळ जितेशला फोन लावला.

जितेश म्हणाला, आलोच, कोंडेश्वरच्या रस्त्याला आहे, दोन पोरं घेतलीत. बाबा म्हणाले, तुझं ते गोल दिसत नाही मला. तो म्हणाला, बंद झालं असेल, तीन मिनिटांत दारातच येतो. इथं खरं तर विषय संपायला हरकत नव्हती.

"परत पाठव," बाबा म्हणाले. "नियम तो नियम."

"बरं, थांबा जरा. हां, पाठवलं. बघा बाबा, आलं का?"

बाबांनी फोन कानापासून दूर धरला, खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पाहिलं. ठिपका आला होता. मनासारखं झाल्याचं हसू त्यांच्या ओठांवर आलंसुद्धा. तेवढ्यात हातातल्या फोनमधून काहीतरी आदळल्याचा आवाज झाला, मग एका मुलाची किंकाळी, मग जितेशचा, आई गं, आई गं. ठिपका जागचा हलेना. बाबा त्याच्याकडे पाहत राहिले, जसं काही पाहत राहिलं की तो पुढे सरकणारच होता.

सोसायटीतल्या मुकेशच्या बाइकवर मागे बसून बाबा तिथं पोचले. मुकेश उल्हासनगरला जीन्सच्या धंद्यात होता, त्याची मुलगीही त्याच व्हॅननं जायची. व्हॅनमधल्या दोन्ही पोरांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. जिला लागलं होतं तिला एका टेम्पोत घालून नेलं होतं. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरची म्हातारी, जिजा नावाची. वालाच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन बदलापूरच्या बाजारात निघाली होती. शेंगा मातीत सांडल्या होत्या. सगळ्या मातीत, डांबरावर एकही नव्हती. रस्त्याच्या कडेला पांढरी पट्टी असते, तिच्याही पलीकडे दोन हात, गवताला लागून. तिथंच तिची एक चप्पल होती आणि तिथंच व्हॅनच्या चाकांची खूण होती. बत्तीस वर्षं लोकांच्या खिशांतला फुगवटा ओळखणाऱ्या नजरेला हे दिसायला वेळ लागला नाही.

जितेश त्यांच्याजवळ आला. 

"बाबा, तुम्हाला आलं का तेवढंच बघत होतो मी," तो हळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिजा गेली.

त्या संध्याकाळी पालक मुकेशच्या घरी जमले. पोलिसांना जितेशनं सांगितलं होतं की म्हातारी एकदम आडवी आली. मुकेशचं म्हणणं साधं होतं. बंदा अच्छा आहे, घरात पाच महिन्यांची पोरगी आहे, जाणारी तर गेली, आता ह्याला आत पाठवून कोणाचं भलं होणार? ग्रुपवरचे मेसेज सगळ्यांनी काढून टाकायचे आणि कुणी विचारलंच तर जितेश नीट गाडी चालवतो असं सांगायचं, जे खोटंही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला कमी ऐकू यायचं म्हणे. ते ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. खोलीत मोकळं झाल्यासारखं झालं. बाबांनाही बरं वाटलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

घरी आल्यावर महेंद्रनं वडिलांचा फोन मागून घेतला आणि जितेशबरोबरचं सगळं पुसून टाकलं. तो चिडला नव्हता, उलट मायेनं बोलत होता. या वयात तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणार नाही, म्हणाला. कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तर तुम्ही फोन केलाच नव्हता. आयुष्यभर एकही खोटी नोंद न करणारा माणूस मुलाच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मान हलवून मोकळा झाला.

खरं सांगायचं तर ते तसंच मिटून गेलं असतं. मैत्रेयीला शीला स्कूटरवरून शाळेत सोडू लागली. दिवस जात होते. बाबा जेवत होते, झोपतही होते, फक्त गेटवर जाऊन बसायचे थांबले होते.

पंधराव्या दिवशी वॉचमननं खालून बोलावलं. एक म्हातारा आलाय, म्हणतो व्हॅनच्या पोरांच्या घरच्यांना भेटायचंय, बाकी कुणी घरी नाही. बाबा खाली उतरले. गेटच्या बाहेर, आत यायला सांगूनही बाहेरच, एक काळासावळा, वाळका माणूस उभा होता. डोकं नुकतं भादरलेलं. हातात कापडी पिशवी. एका पायावर भार देऊन उभा होता.

"मी चांगो," तो म्हणाला. "जिजाचा नवरा."

बाबांना वाटलं, याला कळलं. आता हा सगळ्यांसमोर विचारणार. मनातून त्यांनी तयारीही केली, की विचारलं तर सांगून टाकू.

पण चांगोनं काही विचारलं नाही. त्यानं पिशवी पुढे केली. तीत वालाच्या शेंगा होत्या.

"पोरांना द्या," तो म्हणाला. "पोरां लय भेली असतील त्या दिशी. आमची चूक झाली. तिला धाडाया नको व्हती मी. तिला कानानं कमी येत व्हता, मला म्हाईत व्हता. माजा गुडघा दुखत व्हता म्हणून मी घरी ऱ्हायलो. चाळीस वरसां तिला सांगत आलो, पट्टीच्या आत पाय टाकू नको. कदी टाकला नाय. त्याच दिशी कशी चुकली, देव जाणे."

तो माफी मागायला आला होता. बायको चिरडून मेली होती, आणि ज्यांच्या पोरांची गाडी तिच्या अंगावर गेली त्यांच्या दारात हा माणूस त्यांच्या पोरांना भीती वाटली म्हणून माफी मागत होता. दुखऱ्या गुडघ्यानं दोन कोस चालत आला होता त्यासाठी. रिक्षावाल्यानं घेतलं नव्हतं की यानंच हात केला नव्हता, कोण जाणे.

 बाबांनी पिशवी घेतली. हो, घेतली. वर चला, चहा घ्या, एवढंसुद्धा त्यांना म्हणता आलं नाही. चांगो हात जोडून वळला आणि लंगडत निघून गेला, रस्त्याच्या अगदी कडेनं, मातीतून.

शीलानं संध्याकाळी त्या शेंगा सोलायला घेतल्या. कुठून आणल्या, तिनं विचारलं. बाबा म्हणाले, ठेव त्या, सोलू नकोस, आणि मग तिथंच स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडायला लागले. लग्न होऊन या घरात आल्यापासून शीलानं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. तिनं गॅस बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं. ठिपक्याचं, चष्म्याचं, मातीतल्या शेंगांचं. 

"त्या चांगोंना बायकोच चुकली असं वाटत राहणार का आता?" तिनं विचारलं. "मरेपर्यंत?"

बाबांनाही नेमकं तेच सलत होतं. जितेशला शिक्षा व्हावी की नाही, यावर ते रात्रंदिवस दोन्ही बाजूंनी बोलू शकले असते. पण एक माणूस डोंगराच्या पायथ्याशी बसून रोज स्वतःला आणि मेलेल्या बायकोला दोष देतोय, आणि तो दोष आपण त्याच्या पदरात टाकलाय, याला दुसरी बाजू नव्हती. रविवारी ते विहारात गेले. पंचशील म्हणायला सगळे उभे राहिले, तेही राहिले. पहिली तीन शीलं म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं तेव्हा ओठ मिटले. शेजारच्या भावनाताईंनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला ठसका लागला.

तिथून बाबा सरळ जितेशच्या घरी गेले. जे करायचं ते त्याच्या पाठीमागे करायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. जितेश ओसरीवर पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. व्हॅन अंगणात उभी होती, काच अजून बदललेली नव्हती. बाबा म्हणाले, उद्या मी पोलीस ठाण्यात जाऊन खरं सांगणार आहे. फोन मी केला होता तेही सांगणार आहे.

जितेश कितीतरी वेळ पोरीच्या झबल्याची गाठ सोडत आणि बांधत राहिला.

"तीन मिनिटांत येतो म्हटलं होतं ना बाबा तुम्हाला," तो म्हणाला.

"म्हटलं होतंस."

"मग का नाही ऐकलंत?"

 बाबा म्हणाले, फोन तू उचलायला नको होतास आणि मी करायला नको होता. तू चालवत होतास म्हणून तुझं जास्त, पण माझं काही कमी नाही. जितेशनं मान खाली घातली. मान वर न करताच तो म्हणाला की रात्री डोळा लागला की ती म्हातारी पट्टीच्या पलीकडे दिसते. आपण मान वर केली तेव्हा ती तिथंच होती, आणि तिनं वळून पाहिलं होतं.

महेंद्रला कळलं तेव्हा त्यानं आकाशपाताळ एक केलं. लोक काय म्हणतील इथपासून तुम्हाला आत टाकतील इथपर्यंत सगळं बोलून झालं. शेवटी म्हणाला, मी पुसलंय सगळं, तुमच्याकडे पुरावा काय? बाबा म्हणाले, मी आहे की. महेंद्र दार आपटून बाहेर गेला आणि दोन दिवस वडिलांशी बोलला नाही.

शीलानं सोमवारची रजा टाकली आणि सासऱ्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या पोलीस बाईंनी सगळं उतरवून घेतलं. फोनमधलं पुसलं असलं तरी कॉलची वेळ कंपनीकडे असते, म्हणाल्या. मग त्यांनी बाबांना बजावलं की हे पुढे कोर्टात सगळ्यांसमोर सांगावं लागेल, वकील वाटेल ते विचारतील, उशिरा का आलात म्हणूनही विचारतील. बाबांनी कागद दोनदा वाचला. एका ठिकाणी सात दहा लिहिलं होतं, तिथं सात तेरा करायला लावलं आणि खाली सही केली. दुपारपर्यंत ग्रुपवर बातमी पोचली होती. मुकेशनं त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. बुढ्ढा सटक गया, असं तो वॉचमनपाशी म्हणाल्याचं नंतर कानावर आलं.

ठाण्यातून घरी न जाता त्यांनी वाडीवर जायचं ठरवलं. शीलाची स्कूटर वाडीच्या अलीकडे चढावर थांबली, पुढे पायवाट होती. सात-आठ घरं, कुडाच्या भिंती, पुढे सारवलेली अंगणं. चांगो अंगणातच होता, सुंभ वळत बसला होता. त्यांना पाहून तो लगबगीनं उठला, बाजेवर गोधडी टाकली आणि आत जाऊन पितळी तांब्यात पाणी घेऊन आला.

"आधी ऐका," बाबा म्हणाले. "मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा."

त्यांनी सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. लोकेशन म्हणजे काय ते चांगोला समजेना, म्हणून जमिनीवर काडीनं रस्ता काढून दाखवला, इथं आमची इमारत, इथं व्हॅन, आणि व्हॅन कुठवर आली ते मला घरी बसून बघायचं होतं. ड्रायव्हर रस्ता सोडून फोनकडे बघत होता, कारण मी त्याला तसं करायला लावलं होतं. चांगो त्या रेघांकडे बघत होता. तांब्या त्याच्या हातातच होता.

"म्हंजे ती कडंनंच चालत व्हती?"

"कडेनंच. पट्टीच्या पलीकडे, मातीत. शेंगा सगळ्या मातीत पडल्या होत्या, मी पाहिल्यात."

"आत नव्हती आली?"

"नाही. गाडी बाहेर गेली. ती आत आली नाही."

चांगोनं तांब्या खाली ठेवला.

"आन् तुमी फोन केलाव. कशापायी?"

"नातीची गाडी तीन मिनिटं मागे होती."

चांगोनं पुन्हा त्या रेघांकडे पाहिलं. मग तो उठला, गुडघ्यावर हात रेटत, आणि बाबांना ओलांडून शेजारच्या घराकडे गेला. दारात भागीरथी, त्याची भावजय, तांदूळ पाखडत होती. म्हातारीला घरात बसवायला हवं होतं, असं बाराव्याला सगळ्यांसमोर तीच म्हणाली होती, हे शीलाला मागाहून कळलं.

"भागी," चांगो म्हणाला. "जिजा चुकली नव्हती. कडंनंच चालत व्हती."

भागीरथीच्या हातातलं सूप थांबलं. तो पुढच्या दारात गेला. तिथं एक जण खाटेवर पडला होता, त्याला उठवून त्यानं तेच सांगितलं. मग परत आपल्या अंगणात आला. बाबा अजून बाजेवरच बसले होते. ते क्षमा मागायला आले होते आणि ती कशी मागायची ते त्यांना सुचत नव्हतं.

"तुमी अजून हाव?" चांगो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "जा आता. तुमच्यासंगती बोलाया मला नाय जमायचा."

बाबा उठले. हात जोडले, पण चांगो त्यांच्याकडे पाहत नव्हता. शीलानं त्यांचा दंड धरला आणि दोघं पायवाटेला लागली. ती थोडं खाली उतरली असतील, तेव्हा वरून आवाज आला. आधी त्यांना कळलंच नाही कसला आहे तो. मग चांगोचा आहे हे कळलं. तो जिजाचं नाव घेऊन मोठ्यानं रडत होता.

त्यांच्या मागून लाकडाची मोळी घेऊन उतरणारी एक बाई थांबली, तिनं मागे वळून ऐकलं आणि शीलाला म्हणाली, "गेल्यापासून टिपूस नव्हता काढला त्यानं. म्हणायचा, चूक तिचीच, मग रडू कुणावर?"

बाबा तिथंच एका दगडावर बसले. शीला म्हणाली, चला. ते म्हणाले, थांब, आणि आवाज थांबेपर्यंत ते उठले नाहीत.